जहाजांचे नियम: कागदावर किती, पाण्यावर किती?

१८ सप्टेंबर २०१३ ची पहाट, साडेचारचा सुमार. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या डोव्हरच्या सामुद्रधुनीतून 'ओव्हिट' नावाचा टँकर रॉटरडॅमहून इटलीतल्या ब्रिंडिसीकडे निघाला आहे. टाक्यांमध्ये वनस्पती तेल. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या कक्षात, पहाऱ्याला असलेला अधिकारी समोरच्या पडद्यावरच्या इलेक्ट्रॉनिक नकाशात पाहतोय. जहाज आखलेल्या रेघेवरून जराही इकडेतिकडे न होता चाललंय. फक्त ती रेघच वार्न बँक या उथळ वाळूच्या पट्ट्यावरून आरपार काढलेली आहे. जहाज वाळूत रुततं. आणि आपण रुतलोय हे त्या अधिकाऱ्याच्या लक्षात यायला १९ मिनिटं लागतात.

ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने पुढे याची चौकशी केली. मार्ग एका नवख्या कनिष्ठ अधिकाऱ्याने आखला होता आणि कप्तानाने तो तपासला नव्हता. किती खोलीला धोका समजायचा, हा आकडा यंत्रात चुकीचा भरलेला होता. धोक्याचा इशारा आवाज करून सांगणारी घंटा बंदच होती. इलेक्ट्रॉनिक नकाशा वापरायचं प्रशिक्षण घेतल्याची प्रमाणपत्रं मात्र अधिकाऱ्यांकडे होती. जहाजाच्या तपासण्याही आधी झाल्या होत्या, आणि त्यांपैकी एकीलाही यातलं काही दिसलं नव्हतं.

सुदैवाने जहाजाचं फारसं नुकसान झालं नाही, समुद्रात काही सांडलं नाही. म्हणजे तेलगळतीच्या आकडेवारीत 'ओव्हिट' कुठेच नाही. सागरी सुरक्षेचे नियम काम करतात का, असा प्रश्न विचारला की उत्तर बहुतेक वेळा याच आकडेवारीतून दिलं जातं. म्हणून आधी ती बघू आणि मग ती काय लपवते ते बघू.

आकडे चांगले आहेत. टँकरमधून होणाऱ्या गळतीची सगळ्यात जुनी आणि सलग नोंद आयटीओपीएफ ही लंडनची संस्था ठेवते. तिच्या नोंदींप्रमाणे १९७० च्या दशकात ७०० टनांहून मोठ्या गळत्या वर्षाला सरासरी २४ ते २५ होत. २०१० च्या दशकात हीच सरासरी दोनाच्याही खाली आली. ७ टन आणि त्याहून मोठ्या सगळ्या गळत्या धरल्या तरी १९७० च्या दशकात त्या वर्षाला ७९ च्या आसपास होत्या, २०१० च्या दशकात सहाच्या आसपास. बुडून किंवा मोडून कायमची गेलेली मोठी जहाजं १९९० च्या सुरुवातीला वर्षाला दोनशेच्या वर असत. गेल्या काही वर्षांत हा आकडा तिसाच्या आत-बाहेर आहे, आणि तोही जगातल्या जहाजांची संख्या वाढलेली असताना. हे यश मोठं आहे. त्यामागे हजारो खलाश्यांचे वाचलेले जीव आहेत, तेलाने न माखलेले किनारे आहेत.

पण हे यश नियमांचं आहे, हे कशावरून?

या काळात दुसऱ्याही बऱ्याच गोष्टी बदलल्या. उपग्रहावरून जहाजाची जागा कळू लागली. हवामानाचे अंदाज सुधारले. १९७९ च्या तेलसंकटानंतर समुद्रमार्गे जाणारं तेल काही वर्षं आटलं, कितीतरी टँकर नांगर टाकून उभे राहिले आणि जुने मोडीत निघाले. गळती झाली तर किती भरपाई द्यावी लागेल, या धसक्याने मोठ्या कंपन्यांनी आपणहून चांगली जहाजं भाड्याने घ्यायला सुरुवात केली. गळत्या कमी होण्यात यांपैकी प्रत्येकाचा काही ना काही वाटा आहे, आणि ते वाटे वेगळे काढणं कठीण आहे.

त्यात आणखी एक अडचण आहे. मोठे नियम बहुतेक वेळा मोठ्या दुर्घटनेनंतर येतात. १९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडालं आणि १९१४ मध्ये सागरी जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, ज्याला आपण सोलास म्हणतो. १९६७ मध्ये 'टोरी कॅन्यन' इंग्लंडच्या नैर्ऋत्येला खडकावर चढून सव्वा लाख टनांच्या जवळपास तेल सांडलं, तेव्हा जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखण्यासाठी १९७३ चा मार्पोल करार झाला. १९७८ मध्ये 'अमोको काडिझ' फ्रान्सच्या किनाऱ्याशी फुटून दोन लाख टनांवर तेल गेलं, तेव्हा १९८२ मध्ये युरोपातल्या बंदरांनी एकत्र येऊन परदेशी जहाजं तपासायला सुरुवात केली. आता बघा, अतिशय वाईट वर्षानंतरचं वर्ष बहुतेक वेळा बरंच असतं, नियम येवो न येवो. त्यामुळे 'नियम आला आणि अपघात घटले' हे वाक्य खरं असूनही त्यातून काही सिद्ध होत नाही.

शिवाय मोठे अपघात मुळात दुर्मीळ. २०१० च्या दशकात टँकरमधून एकंदर सुमारे १ लाख ६४ हजार टन तेल गेलं, असं आयटीओपीएफ सांगते. त्यातलं ७० टक्के एकट्या 'सांची' या टँकरचं. पूर्व चिनी समुद्रात जानेवारी २०१८ मध्ये त्याची एका मालवाहू जहाजाशी टक्कर झाली, आग लागली आणि जहाजावरचे सगळे ३२ जण गेले. ती एक टक्कर टळली असती तर ते दशक आपल्याला किती सुरक्षित वाटलं असतं! एका रात्रीच्या घटनेवर दहा वर्षांचा निकाल फिरत असेल, तर एकूण टनांच्या मोजपट्टीवर विसंबणं बरं नाही.

पोलादात ओतलेला नियम

म्हणून मला एकूण आकड्यांपेक्षा एकेक नियम हातात घेऊन बघणं जास्त उपयोगाचं वाटतं. त्यात सगळ्यात शिकवून जाणारी गोष्ट टाक्या धुण्याची आहे.

पूर्वी टँकर तेल उतरवून रिकामा परत निघाला की त्याच्याच तेलाच्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरायचे. रिकामं जहाज पाण्यावर फार वर येतं आणि लाटांत सावरत नाही, म्हणून हे वजन लागतं. त्याला बॅलास्ट म्हणतात. पुढचं तेल भरायच्या आधी हे पाणी टाकीच्या तळाशी उरलेल्या तेलासकट समुद्रात सोडून द्यायचे. अशा रोजच्या धुण्या-उपसण्यातून समुद्रात जाणारं तेल त्या काळी अपघातांतून जाणाऱ्या तेलापेक्षा जास्त होतं. ही गळती कोणत्याही बातमीत येत नसे, कारण कोणाच्या लेखी तो अपघातच नव्हता.

यावर पहिला उपाय १९५४ च्या कराराने केला. किनाऱ्यापासून अमुक अंतराच्या आत तेलकट पाणी सोडू नका, अमुक प्रमाणापेक्षा जास्त सोडू नका. पुढे मर्यादा आणखी कडक झाल्या. पण भर समुद्रात, रात्री, कोण बघणार? नोंदवहीत लिहिणारेही तेच, पाणी सोडणारेही तेच. नियम बहुतांशी कागदावरच राहिला.

१९७८ मध्ये रोख बदलला. किती तेल सोडायचं हे सांगण्याऐवजी जहाज कसं बांधायचं हे ठरवलं. नव्या मोठ्या टँकरना बॅलास्टसाठी वेगळ्या टाक्या हव्यात, ज्यांत तेल कधी जाणारच नाही. रोनाल्ड मिचेल या अमेरिकी अभ्यासकाने १९९४ मध्ये या दोन नियमांची तुलना केली. देश तेच, कंपन्या त्याच. पण पहिला नियम सर्रास मोडला जायचा आणि दुसरा जवळजवळ शंभर टक्के पाळला गेला. कारण साधं आहे. वेगळ्या टाक्या आहेत की नाहीत हे डोळ्यांना दिसतं. जहाज बांधणारा, ते प्रमाणित करणारी वर्गीकरण संस्था आणि विमा उतरवणारा, तिघेही ते जहाज पाण्यात उतरायच्या आधी बघतात. एकदा जहाज तसं बांधलं की नियम मोडण्यात कोणाचा फायदाही उरत नाही.

दुहेरी कवचाचा नियम याच जातीचा. १९८९ मध्ये 'एक्सॉन व्हाल्डीझ' अलास्कातल्या खडकावर आदळला. त्याचं कवच एकेरी होतं. तेलाच्या ११ टाक्यांपैकी ८ फाटल्या आणि सुमारे ३७ हजार टन तेल गेलं. त्यानंतर आधी अमेरिकेने आणि मग सगळ्या जगाने टँकरना दुहेरी कवच सक्तीचं केलं. बाहेरचं पोलाद आणि तेलाची टाकी यांच्यामध्ये मोठ्या टँकरमध्ये दोन मीटरांची मोकळी जागा. खडकाने बाहेरचा पत्रा फाडला तरी आतली टाकी शाबूत राहण्याची शक्यता खूप वाढते. इथे मोजायलाही सोपं गेलं, कारण काही वर्षं एकेरी आणि दुहेरी कवचाची जहाजं एकाच समुद्रात, एकाच काळात फिरत होती. अमेरिकी तटरक्षक दलाच्या २००१ ते २००८ च्या नोंदी वापरून केलेल्या अभ्यासात दिसलं, की अपघातात सांडणारं तेल दुहेरी कवचामुळे टँकरमध्ये सरासरी ६२ टक्क्यांनी आणि बार्जमध्ये (सपाट तळाच्या मालवाहू तराफ्यांमध्ये) २० टक्क्यांनी कमी होतं. नियमाच्या परिणामाचा इतका स्वच्छ पुरावा सागरी सुरक्षेत क्वचितच सापडतो.

तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. दुहेरी कवच अपघात थांबवत नाही; अपघात झाल्यावरचं नुकसान कमी करतं. 'सांची'लाही दुहेरी कवच होतं. आणि ती मधली दोन मीटरची जागा अंधारी, खारट, दमट असते. तिथे गंज लवकर धरतो आणि आत उतरून तपासणं जिकिरीचं, कधी जिवावर बेतणारं काम असतं. त्या जागेला कसला रंग, किती थर द्यायचा, याचा वेगळा नियम २००६ मध्ये करावा लागला. नवा नियम स्वतःबरोबर नवा धोका आणतो, हे फार वेळा होतं.

लाइफबोटी ज्यांना टांगलेल्या असतात त्या हुकांचं तर यापेक्षा वाईट झालं. १९८० मध्ये उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर कीलांड' हा तेलक्षेत्रातल्या कामगारांचा तरंगता तळ उलटला आणि १२३ माणसं गेली. बोटीचं वजन हुकांवर असताना ते सुटत नव्हते, म्हणून काही लाइफबोटी सोडताच आल्या नाहीत. १९८६ पासून नव्या जहाजांना ताण असतानाही सुटतील असे हुक सक्तीचे झाले. हेतू शंभर टक्के योग्य होता. पण यातले कितीतरी हुक इतके नाजूक आणि गुंतागुंतीचे निघाले की सरावाच्या वेळी बोट उंचावर लटकत असतानाच ते सुटू लागले. जीव वाचवण्याचा सराव करताना खलाशी मरू लागले. सदोष हुक तपासून बदलण्याचा नियम व्हायला २०११ साल उजाडलं. नियम केल्यानंतर त्याच्याकडे वळून बघण्याची रीत असती, तर हे इतकी वर्षं चाललं नसतं, असं मला राहून राहून वाटतं.

वहीत लिहिलेला नियम

आता दुसरी बाजू. ३ एप्रिल २०१० ला 'शेन नेंग १' हे कोळशाचं जहाज ऑस्ट्रेलियाच्या ग्लॅडस्टन बंदरातून निघून संध्याकाळी पाचच्या सुमारास ग्रेट बॅरियर रीफवर चढलं. दिवसाउजेडी. पहाऱ्यावर चीफ मेट, म्हणजे कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी, होता. ठरलेल्या ठिकाणी वळण घ्यायचं होतं, ते त्याने घेतलं नाही. चौकशीत निघालं, की त्याआधीच्या साडेअडतीस तासांत तो जेमतेम अडीच तास झोपला होता. बंदरात माल भरला जात असताना देखरेख त्याच्याकडे होती, आणि जहाज निघाल्यावर पहाराही त्याच्याचकडे आला.

विश्रांतीचा नियम आहे. दर २४ तासांत किमान १० तास, आठवड्यात किमान ७७ तास. हा हिशेब उलटा करून बघा: आठवड्याचे १६८ तास, त्यातून ७७ गेले, उरले ९१. म्हणजे माणसाने आठवड्याला ९१ तास काम केलं तरी नियम मोडत नाही. आणि हा उदार नियमही पाळला जातो का? स्वीडनमधल्या जागतिक सागरी विद्यापीठाने २०२० मध्ये याचा सविस्तर अभ्यास केला. विश्रांतीच्या तासांच्या नोंदी नियमात बसतील अशा जुळवून लिहिणं सर्रास चालतं, असं त्यांना आढळलं. त्यात खलाश्यांना दोष देणं मला पटत नाही. जहाजावर किमान किती माणसं हवीत हे ज्या देशाचा ध्वज असेल, म्हणजे जिथे जहाजाची नोंदणी असेल, तो देश ठरवतो, आणि जहाजमालक आपल्याकडे यावेत म्हणून देशांमध्ये स्पर्धा असते. माणसं कमी, काम तेवढंच. मग वहीत खरं लिहिलं तर जहाज अडकतं, कंपनी विचारते की तुमचं नियोजन कुठे चुकलं, आणि पुढचा करार मिळेल की नाही हे कंपनीच्याच हातात असतं. खरं लिहायची किंमत ज्याला मोजावी लागते, त्याच्याच हातात पेन दिलेलं आहे.

व्यवस्थापनाच्या नियमाचंही असंच. १९८७ मध्ये 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' ही फेरी बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून पुढचा दरवाजा उघडा ठेवूनच निघाली, काही मिनिटांत आडवी झाली आणि १९३ माणसं गेली. दरवाजा लावणारा झोपलेला होता. पण दरवाजा बंद आहे की नाही हे ब्रिजवर कळावं म्हणून दिवा बसवा, अशी मागणी कप्तानांनी आधीच केली होती आणि कार्यालयाने ती उडवून लावली होती. त्यातून १९९८ पासून टप्प्याटप्प्याने आयएसएम संहिता लागू झाली: प्रत्येक कंपनीकडे सुरक्षेची लेखी व्यवस्था हवी, किनाऱ्यावर जबाबदार माणूस हवा. कल्पना उत्तम. मात्र अनेक जहाजांवर तिचं रूप खुणा करायच्या याद्यांचं झालं. 'ओव्हिट' आठवा. प्रमाणपत्रं होती, तपासण्या झाल्या होत्या, मार्ग मात्र कप्तानाने तपासला नव्हता.

तपासणीचे आकडे कसे वाचायचे

बंदरांतली तपासणी हा या सगळ्यावरचा मोठा पहारा आहे. परदेशी जहाज बंदरात आलं की तिथले निरीक्षक चढून बघू शकतात आणि गंभीर दोष असेल तर जहाज अडकवून ठेवू शकतात. याचा जरब बसवणारा परिणाम होतो, यात मला शंका नाही. पण अडकवलेल्या जहाजांची टक्केवारी घेऊन सुरक्षा वाढली की घटली हे सांगता येत नाही. निरीक्षक सगळी जहाजं सारखी तपासत नाहीत. जुनी, आधी दोष सापडलेली, बदनाम ध्वजाची जहाजं मुद्दाम निवडतात. निवड जितकी अचूक, तितकी अडकवलेल्यांची टक्केवारी जास्त. म्हणजे निरीक्षक हुशार झाले की आकडा वाईट दिसणार. उलट आकडा घसरला, तर जहाजं सुधारली असतील, किंवा वाईट जहाजांनी कडक बंदरं टाळायला सुरुवात केली असेल. दर वर्षी एका विषयावर तीन महिन्यांची खास तपासणी मोहीम होते, पण तिचे प्रश्न आधीच जाहीर होतात. त्या तीन महिन्यांत तो विषय चकाचक असतो.

यावर मार्ग आहे: दर वर्षी काही जहाजं चिठ्ठ्या टाकून निवडायची आणि तीही तितक्याच बारकाईने तपासायची. त्या नमुन्यावरून सगळ्या ताफ्याची तब्येत कळेल. निरीक्षकांचा वेळ मर्यादित असतो, म्हणून हे मागे पडतं. पण हे केल्याशिवाय तपासणीतून मिळालेला आकडा निरीक्षकांबद्दल जास्त आणि जहाजांबद्दल कमी सांगतो.

मोजणीच्या बाहेरच राहणाऱ्यांचं काय? सोलास मुख्यतः एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या जहाजांना लागू होतो. १९८७ मध्ये फिलिपिन्समध्ये 'डोन्या पाझ' ही फेरी एका टँकरवर आदळून पेटली आणि चार हजारांवर माणसं गेली. शांततेच्या काळातली ही सगळ्यात मोठी सागरी दुर्घटना. 'टायटॅनिक'वर गेलेल्यांच्या दुपटीहून कितीतरी जास्त. ती देशांतर्गत फेरी होती.

आणि २०२२ नंतर एक मोठा ताफा नियमांच्या कक्षेतून जवळजवळ निघूनच गेला आहे. निर्बंध चुकवून तेल नेणारे जुने टँकर, सतत बदलणारे ध्वज, जहाजाचं नाव आणि जागा कळवणारी, पण बंद केलेली ओळख-यंत्रणा, विम्याचा पत्ता नाही. १ मे २०२३ ला मलेशियाजवळ 'पाब्लो' या १९९७ च्या टँकरचा स्फोट झाला, तीन खलाशी सापडले नाहीत आणि जबाबदारी घ्यायला मालकच पुढे आला नाही. चांगल्या जहाजांसाठी नियम कडक होत गेले की टाकाऊ जहाजं मोडीत न जाता अशा बाजारात जातात. नियमांचं यश मोजताना हा ताफा वगळला, तर उत्तर सुंदर येईल आणि खोटं असेल.

मग बरं मोजायचं कसं? माझ्या मते सांडलेल्या तेलाच्या आधीची पायरी मोजायला हवी: थोडक्यात टळलेल्या टकरी, चुकलेली वळणं, जास्त जवळून गेलेली जहाजं. आज जहाजांचे माग उपग्रहांवरून उपलब्ध आहेत, त्यामुळे यातलं बरंचसं कोणी कळवलं नाही तरी दिसू शकतं. जे दिसत नाही, ते खलाश्यांनी निर्धास्तपणे सांगावं लागतं. २००७ मध्ये कोरियात नांगर टाकून उभ्या असलेल्या 'हेबेई स्पिरिट' टँकरवर एक क्रेन वाहणारं बार्ज येऊन आदळलं आणि टँकरच्याच कप्तानाला व चीफ मेटला दीड वर्षाच्या आसपास देश सोडता आला नाही. हे पाहिलेला कोणता अधिकारी आपली छोटी चूक आपणहून कळवेल?

आणि प्रत्येक गंभीर अपघाताची चौकशी होऊन तिचा अहवाल सगळ्यांना वाचता यायला हवा. अतिशय गंभीर अपघातांसाठी तसा नियम २०१० पासून आहे, पण कितीतरी ध्वजराष्ट्रं अहवाल पाठवतच नाहीत. 'ओव्हिट' ज्या वाळूत रुतलं ती डोव्हरची होती, म्हणून तपास करणारी माणसं जहाजावर चढली, यंत्रातल्या नोंदी काढल्या, घड्याळ जुळवून बघितलं. जहाज रुततं आहे आणि माणसाला कळत नाही, ती १९ मिनिटं त्यामुळे आज आपल्याला ठाऊक आहेत. दुसऱ्या एखाद्या वाळूत ते रुतलं असतं, तर भरतीबरोबर सुटून पुढे निघून गेलं असतं, घंटा तशीच बंद ठेवून.